मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे द्यावे की डोळ्यांचं काम शिकवणाऱ्या संस्थेला?

तुम्ही विचारलंय की आजीच्या नावाने दरवर्षी दहा हजार द्यायचेत, ते कुणाच्या ऑपरेशनला द्यावे की ट्रेनिंगला, कारण ट्रेनिंगचे पैसे हॉटेलातल्या जेवणावर उडतात असं ऐकलंय. उडतातही काही ठिकाणी, खोटं कशाला बोलू. पण मी ट्रेनिंगलाच देतो.

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मंडळाने वर्गणी काढून एका ठिकाणी डोळे तपासायचं मशीन दिलं, नारळ फोडला, फोटोबिटो झाले. पुढच्या चवथीला बघतो तर मशीन प्लास्टिकखाली, वर कॅलेंडरची गुंडाळी. चालवणारी मुलगी लग्न होऊन गेली आणि दुसऱ्या कुणाला शिकवलंच नव्हतं.

नंतर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर काढायला डॉक्टर नव्हताच, विशीतली एक पोरगी होती. आई सारखी पापणी मिटायची, तिने पाच वेळा रीडिंग घेतलं, न चिडता, "आजी, लाल लाइटीकडे बघा, झालंच हां". ते माप चुकलं की ऑपरेशन कितीही भारी होऊ दे, चष्म्याचा मोठा नंबर राहतोच. आता आई जवळचा चष्मा लावून अबोलीचे वळेसर (गजरे) करते, आधी फुलं चाचपून करायची.

मदुराईचं अरविंद हे डोळ्यांचं हॉस्पिटल बघा, डॉ. वेंकटस्वामींनी रिटायर झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलं. तिथे खेड्यातल्या मुलींना दोन वर्षं शिकवतात, तपासणी, माप, पेशंटची तयारी त्याच करतात, म्हणून सर्जनचं एक ऑपरेशन संपलं की शेजारच्या टेबलावर पुढचा पेशंट तयार असतो. त्यांची लायको ही ट्रेनिंग संस्था १९९२ ची, लायन्स क्लब आणि सेवा फाउंडेशनची मदत होती, बाहेरच्या देशातले लोकही तिथे शिकायला येतात. ऑर्बिस या डोळ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं तर विमानच आहे, आत ऑपरेशन थिएटर, पुढे वर्गासारख्या खुर्च्या, विमान ज्या देशात जाईल तिथले डॉक्टर त्यावर बसून ऑपरेशन लाइव्ह बघतात. (मला विमान आधी शोबाजी वाटायची, आता कमी वाटते.)

देण्याआधी एवढंच विचारा, की शिकलेल्यांपैकी दोन वर्षांनी किती जण त्याच कामावर आहेत? गोलगोल उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

आणि शेजारी कुणाचं अडलंच असेल तर आधी ते करा हो. ऑपरेशन बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात होतं, अडतं ते गाडीभाडं आणि सोबत यायला माणूस नाही म्हणून.