सुलकाटाची पिल्लं पहिल्या हिवाळ्यात घरात कशी ठेवावीत?

तुमचा प्रश्न असा आहे: सुलकाटा कासवाची पाच महिन्यांची दोन पिल्लं आहेत, आतापर्यंत दिवसाचा बराच वेळ बाहेर असायची, आता थंडी पडल्यामुळे घरात घ्यायची आहेत. काचेची उघडी टाकी, वर एक दिवा आणि तळाशी हीटिंग पॅड एवढी तयारी झाली आहे, ती पुरेल का?

नाही पुरणार. पण पिल्लं अजून खातपीत, चालत असतील तर वेळ गेलेली नाही. मीही माझ्या पिल्लाचा पहिला हिवाळा अशाच उघड्या मांडणीत काढला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी झोपेचं बोलू. थंडीत कासवं झोपतात, मग हीसुद्धा झोपतील, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. भूमध्य समुद्राकाठची काही कासवं शीतनिद्रा घेतात. सुलकाटा सहाराच्या दक्षिण कडेवरचं, साहेल पट्ट्यातलं कासव आहे; त्याला ही सोय निसर्गाने दिलेलीच नाही. गारठ्यात ते मलूल होतं, खाणं सोडतं आणि आजारी पडतं. तेव्हा हिवाळाभर त्याला जागं, खातं आणि उबेत ठेवायचं आहे.

आता मुख्य मुद्दा. हिवाळा म्हटला की सगळ्यांचं लक्ष उबेकडे जातं, आणि पिल्लाचं खरं नुकसान होतं ते कोरड्या हवेने. शून्य अंशाची बाहेरची हवा घरात येऊन 22 अंशांपर्यंत तापली की पूर्ण दमट असलेल्या त्या हवेचीसुद्धा आर्द्रता जेमतेम 23 टक्क्यांवर येते. त्यावर दिव्याची झळ. शंभर ग्रॅमच्या आसपासचं पिल्लू अशा हवेत भाकरीसारखं शेकून निघतं. माझं पहिलं पिल्लू उघड्या लाकडी टेबलावर वाढत होतं. रोज खायचं, वजनही वाढायचं, त्यामुळे काही बिनसलंय अशी शंकाच आली नाही. हिवाळा सरता सरता एकदा त्याला उजेडात धरलं, तर कवचावरचा प्रत्येक खवला मधोमध उचललेला, बोट फिरवलं की टेकड्या हाताला लागायच्या. यालाच पिरॅमिडिंग म्हणतात. या टेकड्या पुन्हा बसत नाहीत. परिस्थिती सुधारली की नवी वाढ सपाट येते, जुनी खूण मात्र जन्मभर राहते.

तेव्हा सर्रास म्हणायचे की हे जास्त प्रथिनांमुळे होतं. वीसनर आणि ईबेन या दोन संशोधकांनी सुलकाटाच्या पिल्लांवरच प्रयोग करून 2003 साली तो प्रसिद्ध केला. कोरड्यात वाढलेल्या पिल्लांची पाठ उंचसखल झाली, दमट हवेत वाढलेल्यांची बरीच गुळगुळीत राहिली, आणि प्रथिनांचा फरक किरकोळ निघाला. वाळवंटाच्या कडेचं कासव आणि त्याला दमट हवा, हे विचित्र वाटतं खरं. पण ही कासवं खोल बिळं खणतात आणि दिवसाची रणरण बिळातल्या ओलसर मातीत काढतात. आपल्याला घरात उभं करायचंय ते बीळ.

म्हणून उघडी टाकी नको, बंद पेटी हवी. दोन पिल्लांना मिळून नव्हे, एकेका पिल्लाला (याचं कारण पुढे सांगते). पहिल्या हिवाळ्याला साधारण 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच पेटी पुरते. भिंती अपारदर्शक असाव्यात. काच पिल्लाला कळत नाही, ते तिच्यावर नाक घासत तासन् तास फेऱ्या मारतं. समोर सरकती दारं ठेवा. सगळे दिवे पेटीच्या आतच बसवायचे, नाहीतर झाकणाला भोकं पाडावी लागतात आणि ऊब न् ओल दोन्ही तिथून निसटतात. लाकूड असेल तर आतून ओल न लागणारा रंग द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत पिल्लू आत सोडू नका. पेटी सरळ फरशीवर ठेवू नका, गार हवा जमिनीलगत साचते. हवाबंद होईल अशी काळजी करू नका, दारांच्या फटींतून आणि रोजच्या उघडझापीतून लागते तेवढी हवा खेळते.

हीटिंग पॅड आजच काढा. कासवाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की ऊन वरून येतं आणि गारवा खाली मातीत असतो. खालून तापायला लागलं की ते आणखी खाली खणतं, म्हणजे नेमकं पॅडकडे जातं. पोटाखालचं कवच भाजून निघतं आणि वरून काहीच दिसत नाही.

उबेची विभागणी अशी करा. एका टोकाला दिवसा ऊन खाण्याची जागा: रुंद प्रकाश पाडणारा हॅलोजन फ्लड दिवा, टायमरवर, रोज 12 तास. त्याखाली कवचाच्या उंचीला 35 ते 38 अंश. बारीक झोत टाकणारा स्पॉट दिवा नको, तो पाठीवर एकाच ठिकाणी तापतो आणि तिथलं कवच सुकवतो. बाकी पेटीची ऊब उजेड न देणाऱ्या सिरॅमिक हीटरने सांभाळायची, आणि तो चोवीस तास थर्मोस्टॅटवर (ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर) हवा. होल्डर चिनीमातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. पेटीचं गार टोकही रात्री 26 अंशांखाली जायला नको. ओल असताना ऊब घसरली की फुप्फुसं धरतात, आणि कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसल्यामुळे खोकून छाती मोकळी करता येत नाही. नाकपुडीवर बुडबुडा, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, मान ताणून तोंड उघडं ठेवणं, यांपैकी काहीही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.

थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी जी वायर आत जाते, तिचं टोक कासवाच्या उंचीला भिंतीवर क्लिपने घट्ट बसवा, दिव्याच्या झोतापासून बाजूला. हे बारीकसारीक वाटेल, पण पिल्लू ती वायर पायाने ओढतं, टोक दाराबाहेर येतं, थर्मोस्टॅटला वाटतं आत थंडी आहे, आणि हीटर थांबायचं नावच घेत नाही. रात्री लाल किंवा निळे दिवे लावू नका. लाल रंग कासवांना छान दिसतो. लाल उजेडात त्यांची झोपही होत नाही आणि तळाची मातीही खाऊन बघतात. रात्री पूर्ण अंधार हवा.

तुमच्या एका दिव्यातून उजेड आणि ऊब मिळते, अतिनील बी (यूव्हीबी) किरणं बहुधा मिळत नाहीत. त्या किरणांवर कातडीत जीवनसत्त्व डी3 तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात जात नाही. उन्हाळ्यात हे काम ऊन फुकटात करत होतं. खिडकीतलं ऊन त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण साधी काच ही किरणं अडवते. टी5 जातीची लांब यूव्हीबी ट्यूब घ्या, मागे परावर्तक असलेली. ती कासवाच्या पाठीपासून 40 ते 45 सेंटिमीटरवर, मध्ये जाळी न येऊ देता, ऊन खाण्याच्या जागेला लागून बसवा. डोळ्यांना ती उजेड देत राहते, पण आतली किरणं महिन्यामहिन्याने मंदावतात. ही किरणं मोजणारं मीटर नसेल तर वर्षाने ट्यूब बदला.

तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा आठ-दहा सेंटिमीटर अंथरा आणि वर बारीक झाडसालीचा थर द्या. कोमट पाणी फवारत बसण्यापेक्षा कोपऱ्यांत ओता, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा पायाला कोरडा लागतो. आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास ठेवा. वाळू नको, ती पोटात जाऊन आतडं तुंबवते. देवदार-पाइनचा भुसाही नको. लपायला प्लास्टिकचा काळा टब पालथा घाला, त्याला दार कापा. पाण्यासाठी कुंडीखालची मातीची उथळ थाळी, काठ जमिनीशी समतल होईल अशी रुतवून. उंच काठाच्या भांड्यात पिल्लू उलटं पडतं आणि वीतभर पाण्याचीही गरज न लागता बुडतं.

रोज सकाळी 20 मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत. मग खायला: कोवळं गवत, तुतीची आणि जास्वंदीची पानं, काटे काढलेला निवडुंग, आठवड्यातून दोनदा चिमूटभर कॅल्शियमची पूड. फळं नकोत.

आता दोन पिल्लांचं. इथे तुम्हाला वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, कारण दोघं एकमेकांना चिकटून झोपलेली दिसतात आणि ते फार गोड दिसतं. पण कासवांना सोबत लागत नाही. भांडण म्हणजे चावाचावीच असं नसतं; एक दुसऱ्याच्या मागेमागे फिरतं, त्याच्या पुढ्यातल्या पानांवर जाऊन बसतं, दिव्याखालच्या जागेवरून त्याला ढकलतं. दबलेलं पिल्लू आवाज करत नाही, नुसतं वाढायचं थांबतं. माझ्याकडच्या जोडीत दोन्ही रोज खाताना दिसायची, म्हणून मी निश्चिंत होते. वजनकाट्यावर ठेवली तेव्हा एक 140 ग्रॅम आणि दुसरं 85. वेगळं केल्यावर धाकट्याने पहिले दोन दिवस टबाबाहेर तोंड काढलं नाही. तिसऱ्या दिवशी दिव्याखाली मागचे पाय लांब सोडून पडलं होतं, आणि त्याला तसं निवांत पसरलेलं मी तोपर्यंत कधीच पाहिलं नव्हतं. तुमची दोन्ही आज ग्रॅमच्या काट्यावर ठेवा आणि आकडे लिहून काढा. दुसरी पेटी लगेच जमणार नसेल तर मधोमध अपारदर्शक फळी घाला, पण मग दिवा, हीटर, ट्यूब आणि पाणी दोन्ही बाजूंना वेगवेगळं लागेल.

पेटी तयार झाली की पिल्लं लगेच आत सोडू नका. दोन-तीन दिवस रिकामीच चालवा, आत कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर दोन्ही टोकांना ठेवा आणि पहाटेचा आकडा बघा, कारण घर सगळ्यात गार तेव्हा असतं. तोवर पिल्लं आहेत त्याच टाकीत राहू देत: पॅड काढा, बाहेरून तिन्ही बाजूंना कागद चिकटवा, तळाला ओला काथ्या घाला, दिव्यापुरती जागा सोडून वरचा बाकीचा भाग झाका. झाकण दिव्याला टेकू देऊ नका. खोलीचा हीटर रात्रभर चालू ठेवा, आणि दोघांची रोजची अंघोळ चुकवू नका.