खरं बोलताना नजर खाली का जाते?

खरं बोलत असूनही आपण खोटारडे वाटतो, ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी बरेच जण येतात. घरातल्या संशयापायी, शाळेत हरवलेल्या मोबाइलपायी, नोकरीपायी. त्यातल्या एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गोव्यातल्या डिचोलीकडचा, पंचविशीतला, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. डिसेंबरचा सीझन. रात्रपाळी संपताना गल्ल्यात साडेसहा हजार कमी भरले. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि म्हणाला, "म्हजेकडेन पळोवन सांग." म्हणजे माझ्याकडे बघून सांग. याची नजर टेबलावरच्या पेपरवेटवर, कान लाल, घसा कोरडा, बोटं शर्टाच्या गुंडीशी. "बघ, नजर चोरतोस!" झालं. तेव्हापासून तो रोज आरशासमोर बसून सराव करायचा: हात मांडीवर, डोळे समोर, पापणी हलवायची नाही. मला म्हणाला, "मॅडम, आता साधं गुड मॉर्निंग म्हणतानाही मी चोर दिसतोय असं वाटतं."

पकडले जाऊ ही भीती आणि कोणी विश्वास ठेवणार नाही ही भीती, दोन्हींत शरीर तसंच वागतं. घसा सुकतो, छाती धडधडते, तळवे घामेजतात. 2006 मध्ये बाँड आणि डिपॉलो या संशोधकांनी 200 हून अधिक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर आली. छापा-काटा केला तरी 50 हातात पडतात! नजर चुकवणं हे तर खोटेपणाचं जगभर मानलं जाणारं लक्षण, पण प्रत्यक्ष तपासलं की फारच कच्चं निघतं. त्यातून या मुलाच्या घरी आजोबा रागावले की मान खाली घालून ऐकायचं, वर पाहिलं तर "डोळे काय वटारतोस?"

मॅनेजरने लाय डिटेक्टरचीही धमकी दिली होती. ते यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम मोजतं, म्हणजे पुन्हा भीतीच. शिवाय संमतीशिवाय कुणावर ही चाचणी लादता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलंय. हे ऐकून त्याने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

आरसा मी बंद करायला लावला. सगळं लक्ष हातांवर गेलं की सांगणं तुटक होतं आणि मग ते खरोखरच पाठ केल्यासारखं वाटतं. त्याऐवजी आधीच सांगून टाकायचं: "सर, मी घाबरलोय म्हणून अडखळतोय, पण काय हवं ते विचारा." मग पडताळता येईल तेवढंच बोलायचं. चार्ज कधी घेतला, चावी कुणाकडे होती, कुठल्या रूमने रोख भरली. एका पाहुण्याला डिपॉझिट परत दिल्याचं सांगताना तो हातवारे करत भरभर बोलला. म्हणून तो खरा, असं मात्र मी धरलं नाही. नाहीतर मॅनेजरमध्ये आणि माझ्यात फरक काय? त्याला म्हटलं, हे सगळं लिहून काढ आणि रजिस्टर समोर ठेवूनच बोलायचं असं साहेबांना सांग.

त्या डिपॉझिटचं व्हाउचर दुसऱ्या पाळीच्या फाइलला टाचलेलं निघालं, रक्कम तेवढीच. मॅनेजर नुसता "बरें" म्हणाला. मुलाला माफी हवी होती. ती काही मिळाली नाही, आणि आमच्या पुढच्या भेटी त्या रागावरच गेल्या.