'इक्वस' या नाटकाच्या डॅनियल रॅडक्लिफवाल्या प्रयोगात रंगमंचावर खरे घोडे होते का?

नाही, सगळे घोडे नटच झाले होते. 2007 मध्ये लंडनच्या गिलगुड थिएटरात थिया शॅरॉकने हे नाटक पुन्हा उभं केलं, तेव्हा नेपथ्य जॉन नेपियरचंच होतं; 1973 च्या पहिल्या प्रयोगाचंही त्याचंच. घोडे दाखवायची पद्धत नाटककार पीटर शॅफरच्या छापील संहितेतच दिलेली आहे. सहा नट, अंगात घोड्याच्या तांबूस रंगाचे ट्रॅकसूट, पायाखाली साधारण चार इंच उंचीचे हलके खूर आणि त्यांच्या तळाशी धातूचे नाल. डोक्यावर तारेचा नि चामड्याचा मुखवटा, पण त्याखाली नटाचं स्वतःचं डोकं उघडंच. ते लपवायचं नाही. मुखवटे प्रेक्षकांसमोरच, एकमेकांकडे बघत, अचूक एका वेळी चढवायचे; एखादा विधी चालावा तसं. प्रयोग फसतो तो बहुधा इथेच: एकानं घाई केली की सगळा दरारा जातो. चार पायांवर रांगणं तर सोडाच, पुढं वाकायलाही मनाई आहे, कारण तसं केलं की लगेच सोंगातला घोडा दिसतो. जनावर उभं करायचं ते पाय, गुडघे, मान आणि डोक्याच्या वळणातून. नगेट नावाचा घोडा झालेल्या नटाला नाटकातल्या मुलाला खांद्यावर घ्यावं लागतं, म्हणून त्या उंच खुरांवर तोल सांभाळायचा सराव तालमीच्या पहिल्या दिवसांपासून हवा.

फक्त एक ध्यानात घ्या: या सूचना दिग्दर्शक जॉन डेक्स्टरच्या 1973 च्या मूळ प्रयोगावरून लिहिलेल्या आहेत, त्यामुळे दुसरा दिग्दर्शक घोडे वेगळ्या रूपात दाखवू शकतो.