मानवी हक्कांचा वकील व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लॉच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि विचारताय, आधी परदेशात एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करावं का आणि या कामात पोट भरतं का. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. माझं मत स्पष्ट आहे: आधी काही वर्षं रिमांडला, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोठडीत ठेवायचं का हे ठरवणाऱ्या सुनावणीला, उभे राहा, एलएलएम नंतरही होतं.

अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. पण अटक खरी कधी झाली, घरी कळवलं का, अंगावर मार आहे का, हे विचारणारा वकील नसेल तर कागदावर सगळं ठीकच दिसतं. 'पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?' असं न्यायाधीश विचारतात तेव्हा पोलीस शेजारीच उभे असतात. म्हणून आरोपीशी आधी बोलून घ्या. मार दिसला तर तिथल्या तिथे अर्ज देऊन वैद्यकीय तपासणी मागा. काही दिवसांनी वळ उरत नाहीत.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असंही नाही. मोतीराम या गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता. भाऊ तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्यांनी नाकारला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडलं. तो निकाल वाचाच. आजही मजुरांच्या बायका जामीनदाराचा सातबारा शोधत फिरतात, आणि रक्कम कमी करून घेण्याचा साधा अर्ज कुणी केलेलाच नसतो. तसंच दोषारोपपत्राचं. ६० किंवा ९० दिवसांत ते आलं नाही तर जामीन हा हक्क आहे, पण ते दाखल होण्याआधी मागावा लागतो. दिवस मोजणं हे वकिलाचं काम.

आता पैसे. सुरुवातीला ओढाताण होते, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव वकील योजनेत नवख्यांना सहायक म्हणून घेतात. दरमहा मानधन मिळतं, मात्र खासगी वकिली करता येत नाही. मी तो रस्ता घेतला नाही. चेक बाउन्स आणि अपघाताच्या दाव्यांवर घर चालतं, त्यामुळे कोठडीतल्या माणसाकडून फी न घेणं मला परवडतं.

सिनियर निवडताना नाव बघू नका. सकाळी रिमांडला जाऊन बसा आणि पोलिसांच्या रिमांड अर्जावर बोट ठेवून प्रश्न विचारणारा वकील कोण, ते पाहा. त्यांच्याकडे जा.