वादळाचा पाठलाग आणि निवृत्तीचा निधी

सप्रेम नमस्कार,

आपले सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्यातला मुख्य भाग आधी सांगतो. तुम्ही ३४ वर्षांचे आहात, डॅलसजवळ संगणक क्षेत्रात नोकरी करता, एच-१बी या परदेशी कुशल कामगारांच्या व्हिसावर आहात. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी चार वर्षांची आहे आणि दापोलीजवळ राहणाऱ्या आई-वडिलांना तुम्ही दरमहा ५०० डॉलर पाठवता. १ जूनला सुरू होणाऱ्या वादळांच्या मोसमात मेक्सिकोच्या आखातात शिरणाऱ्या हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळाचा, किनाऱ्याच्या कडेने पाठलाग करायचा, ते जमिनीवर येताना पाहायचे आणि चित्रित करायचे, असा तुमचा बेत आहे. त्यासाठी आधीच्या कंपनीतल्या ४०१(के) या निवृत्तीच्या बचत खात्यातून १८,००० डॉलर काढायचे, २७,००० डॉलरचे कर्ज घेऊन एक वापरलेला फोर-व्हील पिकअप घ्यायचा, कॅमेरे घ्यायचे आणि चित्रफिती वाहिन्यांना विकून दोन मोसमांत खर्च भरून काढायचा, असा हिशेब तुम्ही मांडला आहे. पिकअपसाठी ५०० डॉलर इसारही दिला आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने वडिलांची सुपारीची बाग आडवी केली, तेव्हा आपण इकडे फोन कानाला लावून बसलो होतो, हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे. या ओढीचे मूळ तिथे आहे असे मला वाटते आणि म्हणूनच हा नाद सोडून द्या असे सांगून मी हात झटकणार नाही. वादळ पाहायला जाण्याला माझी सरसकट हरकत नाही. मात्र या पैशाने, या गाडीने आणि या उत्पन्नाच्या भरवशावर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या छंदात जीव वाचतो तो वेळेवर मागे फिरल्याने, आणि ज्याने निवृत्तीची पुंजी मोडून गाडी घेतली आहे त्याला मागे फिरणे फार जड जाते. आता मागे फिरलो तर सगळे पैसे पाण्यात गेले, हा विचार नेमका नको त्या तासाला मनात येतो.

आधी ४०१(के) पाहू. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत पैसे काढले तर १० टक्के दंड बसतो, म्हणजे १,८०० डॉलर. तुमचे उत्पन्न २२ टक्क्यांच्या टप्प्यात येते असे पत्रातील आकड्यांवरून दिसते, म्हणून केंद्रीय आयकराचे ३,९६० डॉलर गेले. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही एवढाच दिलासा. हातात राहिले १२,२४० डॉलर. शिवाय खाते सांभाळणारी संस्था पैसे देतानाच २० टक्के कापून घेते आणि उरलेला कर व दंड पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना द्यावा लागतो, तोवर ते पैसे कॅमेऱ्यांत गेलेले असतात. हेच १८,००० डॉलर खात्यात राहिले आणि वर्षाला सहा टक्के वाढ धरली, तर तुमच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांचे सुमारे १,०३,००० डॉलर होतात. एका पिकअपची खरी किंमत मोजताना हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या.

आता गाडी. २०१७ साली २५ ऑगस्टच्या रात्री हार्वे टेक्सासमध्ये रॉकपोर्टजवळ जमिनीवर आले आणि नंतरचे कित्येक दिवस ह्यूस्टन परिसरावर पाऊस कोसळत राहिला. माझी गाडी गॅरेजमध्येच उभी होती. पाणी ओसरल्यावर दार उघडले तेव्हा कप ठेवायच्या खळग्यात गढूळ पाणी साचलेले होते आणि सांडपाण्याचा वास नाकात गेला. विमा कंपनीचा माणूस आला, त्याने इंजिनाकडे पाहिलेही नाही. त्याने ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला, त्यावरची चिखलाची रेघ बोटाने दाखवली आणि गाडी निकालात काढली. माझा कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे पुराचे नुकसानही भरून देणारा, विमा होता आणि कर्ज फिटलेले होते, म्हणून मी निभावलो. तुमच्याकडे मात्र २७,००० डॉलरचे कर्ज असेल. गाडी बुडाल्यास कंपनी त्या दिवशीचा बाजारभाव देते, कर्जाची बाकी देत नाही. तो भाव २२,००० ठरला, तर वरचे ५,००० आणि डिडक्टिबल (दाव्यातला आपण सोसायचा वाटा) तुमच्या खिशातून जाणार, आणि समोर गाडीही नसणार. आखाताच्या किनाऱ्यावर तर खारे पाणी असते, त्यात बुडालेली गाडी सहसा दुरुस्त होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते. वैयक्तिक वाहन विमा घरगुती वापरासाठी असतो. चित्रफिती विकण्यासाठी गाडी नेत असाल तर तो व्यवसाय ठरून दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. पाठलागासाठी नेलेल्या गाडीचे नुकसान भरून मिळेल का, हे कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. वादळ आखातात शिरल्यावर फोन करून उपयोग नाही, कारण अशा वेळी कंपन्या त्या भागातील नव्या पॉलिसी आणि वाढीव संरक्षण देणे थांबवतात. भाड्याच्या गाडीने जाण्याचा विचार असेल तर करारातील वापराच्या अटी तितक्याच काळजीने वाचाव्यात.

उत्पन्नाच्या बाजूबद्दल मी अधिक कठोर होणार आहे. एच-१बीवर असताना तुम्हाला केवळ तुमच्या व्हिसासाठी याचिका केलेल्या कंपनीचेच काम करता येते. वाहिनीला चित्रफीत विकणे किंवा जाहिरातींचे पैसे घेणे हे विनापरवाना काम ठरू शकते, आणि त्याचा परिणाम ग्रीन कार्डाच्या अर्जापर्यंत पोहोचू शकतो. इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला हातात येईपर्यंत या रकान्यात शून्य लिहा. शून्य लिहिले की तुमचा दोन मोसमांचा हिशेब उरत नाही, राहतो तो निव्वळ खर्च. छंद म्हणून धरले तर उत्पन्नावर कर लागतो आणि खर्चाची वजावट मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा. सप्टेंबरच्या मध्यात चार-चार दिवस अचानक रजा घेणाऱ्या माणसाबद्दल वरिष्ठ काय विचार करतील, ते तुम्ही जाणता. नोकरी गेल्यास एच-१बीधारकाला देशात राहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते.

खर्चाचा अंदाज तुम्ही एका फेरीचा केला आहे, तो अपुरा आहे. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा नकाशावरचा शंकू वादळाचे केंद्र कुठून जाण्याची शक्यता आहे तेवढेच दाखवतो, आणि सुमारे एक तृतीयांश वेळा केंद्र त्याच्या बाहेरही जाते. २०२२ साली इयान टॅम्पावर येणार म्हणून लोक बाहेर पडत होते, प्रत्यक्षात ते २८ सप्टेंबरला दक्षिणेला शंभर मैलांच्या आसपास, कायो कोस्टा बेटावर आले आणि फोर्ट मायर्स बीच उद्ध्वस्त झाले. ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन सिएस्टा कीजवळ जमिनीवर आले आणि त्याच्या उत्तरेच्या टॅम्पाच्या खाडीतले पाणी उलट समुद्राकडे ओढले गेले. पाठलाग करणाऱ्याला शेवटच्या दिवशी पुन्हा शंभर मैल हलावे लागते, तेही गाव खाली करणाऱ्या गर्दीतून. २००५ मध्ये रिटाच्या वेळी ह्यूस्टनमधून निघालेली माणसे तासन्‌तास रस्त्यावर अडकली आणि त्या स्थलांतरातच अनेकांचे प्राण गेले. डॅलसहून टॅम्पा एका बाजूने सुमारे १,१०० मैल आहे. पिकअपला गॅलनमागे १८ मैल आणि गॅलनला सव्वातीन डॉलर धरले, तर जाऊन-येऊन पेट्रोलचेच ४०० डॉलर होतात, आणि वादळानंतर वीज नसल्याने पंप बंद असतात ते वेगळेच. अशा तीन फेऱ्या झाल्या आणि त्यातल्या दोन रिकाम्या गेल्या, तरी खर्च तिन्हींचा होतो.

आयुर्विम्याकडे तुम्ही पत्रात वळलाच नाहीत. कंपनीकडून मिळणारा समूह विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो. मुलीच्या वयाकडे पाहता स्वतंत्र टर्म विमा या सगळ्याच्या आधी घ्यायला हवा, आणि अर्जात धोकादायक छंदांविषयी विचारलेले असेल तर हा बेत लपवू नका. पहिल्या दोन वर्षांत दावा आला तर कंपनी अर्जातली माहिती तपासते, आणि लपवाछपवी सापडल्यास पत्नीच्या हाती काही लागत नाही. हरिकेनमध्ये बहुतेक बळी वारा घेत नाही, पाणी घेते. २००५ साली कत्रिनाच्या वेळी मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर २८ फुटांच्या आसपास समुद्र चढला होता. फूटभर पाण्यावर बहुतेक गाड्या तरंगू लागतात आणि दोन फूट वाहत्या पाण्यात पिकअपसुद्धा वाहून जाऊ शकतो.

मी तुमच्या जागी असतो तर यंदा एकच फेरी ठरवली असती आणि त्यासाठी पगारातून दरमहा ४०० डॉलर वेगळ्या बचत खात्यात टाकले असते. मेपासून सप्टेंबरपर्यंत २,००० डॉलर जमतात, तेवढ्यात आखाताच्या पश्चिम भागातली फेरी बसते. गॅल्व्हस्टन किंवा लेक चार्ल्स तुमच्यापासून तीन-साडेतीनशे मैलांच्या आत आहे, फ्लोरिडाचा नाद यंदा नको. सक्तीने गाव खाली करण्याचा आदेश असलेल्या पट्ट्यात शिरायचे नाही, मुक्काम उधाणाच्या पाण्याच्या पलीकडे, उंचावर, पक्क्या इमारतीत करायचा आणि परतीची वेळ निघण्याआधीच पत्नीला लिहून द्यायची. राष्ट्रीय हवामान सेवेचे स्कायवॉर्न प्रशिक्षण मोफत असते, ते आधी घ्या. वादळ ओळखायला शिकणे ही या खर्चातली एकमेव फुकटची आणि सर्वांत मोलाची बाब आहे. दापोलीला जाणाऱ्या ५०० डॉलरना मात्र कुठल्याही महिन्यात हात लागता कामा नये. सुपारीचे नवे झाड उत्पन्न द्यायला काही वर्षे घेते आणि तोवर तुमच्या वडिलांचा भरवसा त्याच रकमेवर आहे.

विमा कंपनी आणि वकील यांची लेखी उत्तरे मे महिन्याच्या मध्यापर्यंत आली, तर मला कळवा, आपण आकडे पुन्हा मांडू. तोवर पिकअपच्या विक्रेत्याला नकार कळवा, आणि इसाराचे ५०० डॉलर तो परत देत नसेल तर ते सोडून द्या.