आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि जखमेत पू होण्याची भीती

आईंचं वय ६६, दहा वर्षांचा मधुमेह आणि पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचा. ओळखीतल्या एकांच्या जखमेत पू झाला होता, म्हणून अँटिबायोटिक जास्त दिवस मागून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी २६ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, त्यातली बरीचशी हाडांच्या थिएटरला. त्या जोरावर सांगते: जास्त दिवस मागू नका.

या औषधाचं सगळं गणित वेळेचं आहे. चीर देण्याआधीच्या तासाभरात ते शिरेतून जायला हवं. गुडघ्यात तर मांडीला पट्टा आवळायच्या आत, कारण पट्टा फुगला की खाली रक्तच जात नाही, मग औषध कुठून पोचणार? सेफाझोलिन नावाचं अँटिबायोटिक असेल तर साधारण २ ग्रॅम, आणि ऑपरेशन चार तासांवर लांबलं तर पुन्हा एक डोस. टाके पडल्यावर आठवडाभर गोळ्या घेऊन जंतुसंसर्ग टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्येच तसं सांगितलंय. जुलाब मात्र नक्की लागू शकतात.

हा डोस बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञच देतात. लोक सर्जनची दहा जणांकडे चौकशी करतात आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नावही विचारत नाहीत, याचं मला कायम वाईट वाटत आलंय. पेशंटला गरम ठेवणंही त्यांच्याच हातात असतं. भूल चढली की त्वचेच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि पहिल्या तासातच अंगाचं तापमान एखाद्या अंशानं उतरतं. गारठलेल्या जखमेला रक्त कमी मिळतं, जंतूंचं फावतं. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटवर १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला: ज्यांना गरम ठेवलं त्यांच्यात जखमेचा संसर्ग ६ टक्के, बाकीच्यांत १९ टक्के. म्हणून आईंना थंडी वाजली तर त्यांनी संकोच न करता सांगावं, गरम हवेचं पांघरूण मागावं.

आता घरचं. गुडघ्याला ब्लेड लावू नका! एका बाईंच्या मुलानं आदल्या रात्री प्रेमानं पाय गुळगुळीत करून आणला होता. दिव्याखाली पाहिलं तर नडगीवर बारीक लाल ओरखडे, दोन ठिकाणी रक्त सुकलेलं. सर्जननी हात लावला नाही, तारीख पुढे गेली. केस काढायचेच असले तर थिएटरवाले मशीननं काढतील. तुम्ही फक्त साबणानं स्वच्छ आंघोळ घाला.

शुगर आजपासून सांभाळा, ऑपरेशनच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का ते बघा. असेल तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी या गोळीनं रक्तात आम्ल वाढू शकतं आणि शुगर जवळजवळ नॉर्मल दिसत असल्यानं ते पटकन लक्षात येत नाही. पण डॉक्टरांना विचारूनच थांबवा, आपल्या मनानं नाही.

उपास म्हणजे जेवण निदान सहा तास आधी बंद, तळकट खाल्लं असेल तर आठ. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी मधुमेहात पोट सावकाश रिकामं होऊ शकतं, म्हणून तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळच खरी. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत. आणि मिश्री! सकाळी मिश्री लावल्याशिवाय कितीतरी आज्यांचा दिवस उजाडत नाही, आणि "काही खाल्लं नाही" म्हणताना ती त्यांच्या हिशेबातच नसते. आई लावत असतील तर आधी सांगा, कुणी रागावणार नाही. हलणारा दात, कवळी, पूर्वी भूल दिल्यावर झालेला त्रास, हेही सांगा.

भूलतज्ज्ञांच्या तपासणीला जाताना गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. चिठ्ठीवर "बीपीची पांढरी गोळी" एवढंच लिहिलेलं असतं, त्यावरून कुणालाच काही कळत नाही.