पहिल्या नोकरीचा पगार शेतीत जिरतो, बचत कशी करावी?

आपण यवतमाळ जिल्ह्यातील गावी राहून तालुक्याच्या ठिकाणी पहिली नोकरी करता, घरची शेती कोरडवाहू आहे आणि पगार हातात टिकत नाही, असे आपण विचारले आहे. बचतीचे नेहमीचे सल्ले शहरातील पगारदार गृहीत धरून दिलेले असतात. आपल्या घरचा खर्च मात्र महिन्याप्रमाणे नव्हे, हंगामाप्रमाणे येतो. जूनमध्ये कपाशीचे बियाणे, खत आणि पाठोपाठ निंदणाची मजुरी एकदम अंगावर येते, तर वेचणीचा पैसा दिवाळीच्या आसपासच दिसू लागतो. म्हणून लागेल तसे पैसे देत राहण्याऐवजी पगाराच्या दिवशीच ठरावीक रक्कम बँकेच्या आवर्ती ठेवीत वळती होईल आणि तिची मुदत मे महिन्यात संपेल अशी व्यवस्था करावी, म्हणजे कृषी केंद्रातून उधारीवर माल उचलावा लागणार नाही. (उधारीत भाव कोण ठरवतो, हे वेगळे सांगायला नको.)

वडिलांच्या नावे पीककर्ज असल्यास ते मुदतीत भरले जाईल याकडे जातीने लक्ष द्यावे, कारण वेळेत परतफेड करणाऱ्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते आणि खाते थकले की ही सवलत हातची जाते.

हप्त्यावर मोटारसायकल घेण्याचा विचार, माझ्या मते, एसटीचा मासिक पास चालत असेल तोवर बाजूला ठेवावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा २० रुपयांचा वार्षिक हप्ता मात्र आईवडिलांच्या खात्यालाही आजच लावून घ्यावा.